ट्रेल-प्रमुखांना खुलं पत्र : पट्टा लावण्याआधी फावडं काढा

प्रिय ट्रेल-प्रमुख, मार्शल आणि ताफ्याच्या पुढे-मागे राहणारी जाणती मंडळी,

स.न.वि.वि.

कच्च्या, अवघड वाटेवर ताफ्यातली गाडी रुतली की सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. "पट्टा (गाडी ओढायचा) कुणाकडे आहे?" हा पहिला प्रश्न. पुढच्या मिनिटाला पट्टा लागलेला असतो, त्याच्या पुढच्या मिनिटाला कुणीतरी गाडी मागे घेऊन वेग पकडत असतो, आणि दहा-बारा जण मोबाइल उंचावून नेमके पट्ट्याच्या रेषेत उभे असतात. बहुतेक वेळा गाडी निघते, टाळ्या पडतात. आणि गाडी निघाली म्हणूनच, आपण केलं ते चुकीचं होतं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. हे पत्र त्या दोन-तीन मिनिटांबद्दल आहे. नव्या चालकांना बोल लावण्यात अर्थ नाही, ते तुमचं बघूनच शिकतात.

सुरुवात गाड्या निघण्याआधी, जमायच्या ठिकाणीच करा. प्रत्येक गाडीपाशी जा आणि चालकाला एवढंच विचारा : "अडकलास तर तुला कुठून ओढायचं? बोट ठेवून दाखव." बरेच जण ट्रेलरच्या गोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर बोट ठेवतात. टो-बॉल ट्रेलरचं संथ, सलग ओझं ओढायला घडवलेला असतो. झटका बसला की त्याची मान वाकवणारा भार येतो. मान तुटली की ताणलेला पट्टा तो लोखंडी गोळा गोफणीतल्या दगडासारखा भिरकावतो, आणि त्याची दिशा असते समोरच्या गाडीच्या काचेची. याने माणसं दगावली आहेत. तेव्हा टो-बॉलला पट्टा लागता कामा नये. "जरासंच ओढायचंय" हा अपवादसुद्धा चालणार नाही, कारण किती ओढावं लागणार आहे हे ओढेपर्यंत कळत नाही.

काही जण चासीखालची पातळ कडी दाखवतील. कारखान्यातून गाडी ट्रकवर किंवा जहाजावर चढवली की तिला खाली आवळून ठेवायला ती असते. भार खालच्या दिशेने यावा अशी तिची रचना, आणि आपण ओढणार आडवं. बम्परमधल्या झाकणामागे आटे असलेला जो हुक बसतो, तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ ओढण्यापुरता. चिखलात धसलेल्या गाडीला तिरकं ओढलं की त्याचे आटेच सोलून निघतात. खरी ओढायची जागा म्हणजे चासीच्या दांड्याला निदान दोन उच्च ताकदीच्या बोल्टांनी धरलेला आणि भारक्षमता कोरलेला जाड पोलादी भाग. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा दिसला पाहिजे. आकडा नसलेला बोल्ट कशाचा आहे ते कुणालाच सांगता येत नाही. मागच्या बाजूला हिचचा चौकोनी रिसीव्हर, म्हणजे टो-बॉल ज्यात बसतो ती पोकळ नळी, असेल तर टो-बॉल काढून त्यात शॅकलचा (पिन घालून बंद होणाऱ्या जाड कडीचा) ठोकळा बसवायचा. हे स्वस्तात जमणारं आणि भक्कम काम. ठोकळा हाताशी नाही म्हणून पट्ट्याचा फासा रिसीव्हरमध्ये सरकवून आरपार पिन घालायची युक्ती बरेच जण करतात. तिने पिन मधोमध वाकते आणि मग हातोडीनेही निघत नाही. नेहमीची सवय म्हणून ती नकोच.

आता झटक्याचा हिशोब, कारण तो एकदा कळला की बाकीचं पटवून द्यावं लागत नाही. २००० किलोची गाडी ताशी १० किमी वेगाने निघाली की तिच्यात साधारण ७.७ किलोजूल ऊर्जा असते. ती ऊर्जा पट्ट्याने ताणला जाऊन पोटात घ्यायची. ढोबळ हिशोबाने पट्टा १ मीटर ताणला, तर दोन्ही टोकांवर सर्वाधिक ओढ सुमारे दीड टनाची येते. तीच गाडी, तोच वेग, पण पट्टा जेमतेम १५ सेंमी ताणणारा असेल तर हीच ओढ साडेदहा टनांवर जाते. एवढ्या ओढीला काहीतरी तुटणारच. पट्टा, शॅकल की चासी, इतकाच प्रश्न उरतो. नायलॉनचा झटक्याचा पट्टा आणि पॉलिएस्टरचा टोइंगचा पट्टा यांत फरक आहे तो हाच. दिसायला दोन्ही सारखे, रंगही कधीकधी सारखा. नायलॉनचा पट्टा २० टक्क्यांच्या आसपास ताणतो, विणलेला कायनेटिक दोर त्याहून जास्त. पॉलिएस्टरचा जवळजवळ ताणतच नाही. त्याने गाडी संथपणे ओढत न्यावी, विंचचा (गाडीवर बसवलेल्या, ड्रमवर दोर गुंडाळून ओढणाऱ्या मोटरचा) दोर लांबवावा, पण झटका कधीही देऊ नये. साखळी आणि लोखंडी दोर तर झटक्याच्या जवळपासही आणू नका.

आणि वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. ताशी २० किमीला तोच आकडा ३१ किलोजूलच्या घरात जातो. "अजून थोडा जोर लाव" म्हणताना आपण नेमकं काय मागतोय, ते यावरून लक्षात यावं.

पट्टा जितका जाड तितका सुरक्षित, हाही एक गैरसमज. पट्ट्याची तुटण्याची क्षमता दोन्ही गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या सामानासकट एकूण वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. दीड टनाच्या छोट्या फोर बाय फोरला ३ ते ४.५ टनांचा पट्टा पुरतो. तिला ११ टनांचा पट्टा लावला तर तो ताणतच नाही, नायलॉनचा असूनही पॉलिएस्टरसारखा वागतो आणि सगळा दणका चासीवर जातो. ताफ्यात हलक्या आणि जड अशा दोन्ही गाड्या असतील तर दोन वेगळे पट्टे लागतात. एकात भागवू नका. भिजलेल्या नायलॉनची ताकद कमी होते, तेवढं धरून चला. लागोपाठ दोन-तीन झटके दिल्यावर पट्ट्याला विसावा द्या. ताणलेला पट्टा मूळ लांबीवर यायला वेळ घेतो, आणि तोवर त्याच्यात झटका पोटात घ्यायची ताकद कमीच असते.

शॅकलवर भारक्षमता कोरलेली असते. १६ मिमीच्या धनुष्याकृती शॅकलवर ३.२५ टन, १९ मिमीच्यावर ४.७५ टन. कोरलेला आकडा नसलेली शॅकल किल्ली अडकवायला वापरा. पिन पूर्ण घट्ट करून पाव ते अर्धा आटा मागे घ्या, नाहीतर भार आल्यावर ती अशी आवळते की पान्यालाही दाद देत नाही. दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये लोखंडी शॅकल घालू नका. पट्टा तुटला तर ती गोळीसारखी सुटते. एकाचा फासा दुसऱ्याच्या फाशातून ओवून जोडा आणि गाठीत मासिकाची किंवा कापडाची गुंडाळी ठेवा, म्हणजे नंतर ती सुटते. सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराची विणलेली शॅकल, हलकी असते आणि तुटली तरी तिच्यात फेकलं जाण्याइतकं वजन नसतं, म्हणून जमेल तिथे तीच बरी. मात्र धारदार कडा आणि उष्णता तिच्या वैरी. तो धागा दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, तेव्हा ती सायलेन्सरच्या नळीला टेकू देऊ नका.

हे सगळं झालं सामानाचं. पण मूळ मुद्दा असा की एवढी ओढ लागतेच कशाला?

लष्करी वाहनं बाहेर काढण्याच्या शास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. गाडी हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, रुतली असेल तर तिला हलवायला तिच्या वजनाइतकी ओढ लागते. हबच्या वर, मडगार्डपर्यंत गेली तर वजनाच्या दुप्पट. मडगार्डच्याही वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर दर अंशाला वजनाचा साठावा भाग वाढवायचा. दोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत बसली आणि पुढे १५ अंशांचा चढ असला, तर साडेचार टनांची ओढ झाली. तीच गाडी वीस मिनिटं खणून हबच्या पातळीला आणली की हा आकडा अडीच टनांवर येतो. फावडं हे तुमच्या ताफ्यातलं सगळ्यात ताकदवान यंत्र आहे, फक्त त्याला घाम गाळावा लागतो आणि त्याचा व्हिडिओ चांगला येत नाही.

खणायचं कुठे, हेही बघून ठरवा. गाडीचं पोट जमिनीला टेकलं असेल तर वजन चाकांवर नसून पोटावर असतं, आणि चाकं कितीही फिरवली तरी ती हवेतच. आधी डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरचा) गोळा, एक्सल, इंधन टाकीचं संरक्षक पान यांच्याभोवतीचा चिखल काढा. मग ज्या दिशेला निघायचंय तिकडे प्रत्येक चाकापुढे उतरती चर काढा. तिची उभी भिंत ठेवली तर चाकाला ती पायरीच वाटते. निघण्याची सोपी दिशा बहुधा मागची असते, कारण गाडी जिथून आली तिथली माती चाकांनी आधीच दाबलेली असते. चालकाला मात्र पुढेच जायचं असतं. त्याला समजवा. चाकं जागेवर फिरू लागली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत पाय उचलायचा. नंतरचा प्रत्येक सेकंद गाडी खाली नेतो.

टायरमधली हवा कमी करणं खणण्याच्याही आधी यायला हवं. चाकावर ५०० किलो भार आणि ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर टायर ढोबळमानाने २२० चौरस सेंमी जमिनीला टेकतो. हवा १६ पीएसआय केली की जवळजवळ दुप्पट, आणि ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत जास्त होते. तिथेच पकड मिळते. खडकाळ वाटेला १८ ते २२, चिखलाला त्याच आसपास, मोकळ्या वाळूला १५ ते १८ इथून सुरुवात करा आणि गाडीच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करा. १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून सुटण्याची भीती असते, म्हणून वेग अगदी कमी ठेवा आणि झटक्यात वळू नका. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. कमी हवेत वेगाने पळवलं की टायरच्या बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि फुटते. कंप्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा असावा. सिगारेट लायटरच्या भोकातून चालणारा मोठा कंप्रेसर पहिल्या किंवा दुसऱ्या टायरलाच फ्यूज उडवतो.

पकडीच्या फळ्या चाकाखाली जमेल तेवढ्या आत सरकवा आणि सर्वांत खालच्या गियरमध्ये हळू चढा. त्यांवर चाक फिरवलं की फळीचे दात वितळतात, आणि फळी उडून मागे जाते. मागे कुणी उभं नको.

एवढं करूनही गाडी हलली नाही, तर मग पट्टा. रिकव्हरीत सूचना देणारा माणूस एकच असतो, "थांबा" म्हणण्याचा हक्क मात्र सगळ्यांना. बाकीचे सगळे बाजूला, पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर. रेषेत कुणी नको, पट्टा ओलांडायचा तर मुळीच नाही. ओढणाऱ्या गाडीने पट्टा सरळ करून एक-दीड मीटर ढील ठेवायची, फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गियरमध्ये) निघायचं आणि पहिला प्रयत्न चालत्या माणसाच्या वेगाने करायचा. रुतलेल्या गाडीचा चालक त्याच वेळी हलकेच गियरमध्ये असावा. दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत ठेवा. तिरकी ओढ चासी पिळते. तीन हलक्या प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा आणि पुन्हा फावडं घ्या. चौथ्या वेळी वेग वाढवायचा मोह अनावर होतो, तोच तुम्ही अडवायचा. पट्ट्यावर टाकलेला डॅम्पर (जड पांघरूण) किंवा ओलं पोतं उसळी काही प्रमाणात दाबतं. जवळ उभं राहण्याचा तो परवाना नव्हे.

दोन बिंदूंना मिळून वाय आकाराचा पट्टा लावत असाल तर कोनाकडे लक्ष द्या. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर ओढीच्या ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर पूर्ण ओढ येते, म्हणजे दोन बिंदू वापरून फायदा शून्य. वाय लांब ठेवा.

विंच असलेल्या चालकाला आपण सर्वशक्तिमान आहोत असं वाटतं, म्हणून त्याच्यासाठी थोडं सविस्तर. ९५०० पौंडांची विंच म्हणजे साधारण ४.३ टन ओढ, पण ती ड्रमवर दोराचा एकच थर उरला असताना. प्रत्येक थरागणिक ओढ दहा-पंधरा टक्क्यांनी घटते, आणि ड्रम भरलेला असेल तर हाती तीन टनांच्या आसपासच उरते. वरच्या हिशोबातली साडेचार टनांची ओढ आठवा. ती या विंचला सरळ दोराने जमणार नाही. कप्पी, म्हणजे स्नॅच ब्लॉक लावून दोर स्वतःच्या गाडीला परत आणा : ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा, मोटरवरचा ताणही कमी. कप्पीने दोराची दिशा बदलत असाल तर कप्पीच्या आधारावरचा भार मोजा. दोर काटकोनात वळत असेल तर ओढीच्या १.४ पट, पूर्ण मागे फिरत असेल तर दुप्पट. झाडाला रुंद पट्टा लावा, बुंध्याला तळाशी. दोर झाडाला गुंडाळून त्याचा हुक त्याच दोरात अडकवला तर दोर आणि साल दोन्ही कापले जातात. ड्रमवर लोखंडी दोराचे निदान ५, सिंथेटिकचे ८ ते १० वेढे राहू द्या. विंचने खेचताना ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'मध्ये टाकून उभी करू नका. सगळी ओढ गियरबॉक्समधल्या छोट्याशा खिळीवर येते आणि ती मोडते. इंजिन चालू ठेवा, मिनिटभर ओढलं की मोटरला थंड होऊ द्या. पूर्ण भारावर ती ४०० अँपिअरच्या पुढे वीज खेचते, बॅटरीच्या तारा हाताला गरम लागतात.

गाडीत काय बदल करू, हेही लोक तुम्हालाच विचारतात. उत्तर देताना क्रम सांगा : पुढे-मागे ओढायच्या जागा, चांगले टायर, हवेचा मीटर आणि कंप्रेसर, फावडं, हातमोजे, योग्य पट्टा. मग पोटाखालची पोलादी पानं. मग डिफ लॉक, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय. गाडीची उंची वाढवणं सर्वांत शेवटी. सलग एक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाकं एकाच दांड्यावर असलेल्या) गाडीत दोन इंच उंची वाढवल्याने डिफरन्शियल जमिनीपासून एक तसूभरही वर जात नाही. ते फक्त मोठ्या टायरने होतं. शिवाय अशा गाडीत उंची वाढली की कॅस्टर कोन (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) घटतो, स्टिअरिंग भरकटतं, आणि एक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड दांडा त्याला एका बाजूला ढकलतो. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढून त्याचे रबरी बूट फाटतात. ब्रेकच्या नळ्या पूर्ण ताणावर पुरतात का, ते चाक लोंबकळत ठेवून बघितल्याशिवाय गाडी वाटेवर घालू देऊ नका. २९ इंचांचे टायर काढून ३१ चे घातले तर डिफरन्शियलखाली एक इंच मिळतो, पण गियरिंग सात टक्के उंच होतं. स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०७ ने पळते. आणि स्टेपनी २९ चीच राहिली असेल तर तीही वेळेला बदललेली बरी.

पाण्याबद्दल एवढंच. आधी चालत जाऊन तळ बघा. पाण्यात शिरण्याआधीच मागच्या बिंदूला पट्टा जोडून त्याचं दुसरं टोक हाताशी, वर बांधून ठेवा. बुडालेला बिंदू गढूळ पाण्यात चाचपडून सापडत नाही. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचलं जातं, म्हणून त्याच्या श्वासनळ्या (आतली हवा ये-जा करणाऱ्या नळ्या) इंजिनच्या उंचीपर्यंत वर घ्यायला सांगा. नंतर तेल दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी बदला. इंजिन पाण्यात बंद पडलं तर स्टार्टर मारू देऊ नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये भरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ज्याच्या गाडीला ओढायची जागाच नाही, त्याला त्या दिवशी अवघड वाटेवर नेऊ नका. त्याला सोप्या वाटेने पाठवा किंवा दुसऱ्याच्या गाडीत बसवा. राग येईल, येऊ द्या. पाऊस पडून वाट मऊ झाली असेल तर सगळ्याच ताफ्याला परत फिरवा. ओल्या मातीत खोल गेलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात, आणि पुढचा माणूस त्या टाळायला शेजारची जमीन तुडवतो.

परत आल्यावर पट्टे धुवा. आत शिरलेली वाळूची कणी धागे कापते. सावलीत वाळवा आणि पूर्ण लांबी हाताखालून जाऊ द्या. कापलेली शिवण, वितळून कडक झालेला भाग, पांढरट पडलेले धागे दिसले तर तो पट्टा तिथेच कापून त्याचे दोन तुकडे करा. नुसता बाजूला ठेवलात तर अंधारात, घाईत, कुणाच्या तरी हाती तोच लागेल.

आपले,
ताफ्याच्या शेवटच्या गाडीत फावडं घेऊन बसणारे काही जण